फुल-डिजिटल ॲम्प घेताना: आयसी नंतर, आधी पॉवर सप्लाय

ऑनलाइन दुकानात ‘डिजिटल ॲम्प’ शोधले की जे बोर्ड समोर येतात त्यांच्या तीन जाती असतात, आणि विकणारा तिन्हींना एकाच नावाने हाक मारतो. पहिल्या जातीत ॲनालॉग इनपुटचा क्लास-डी आयसी असतो. टीपीए ३११६ हे त्यातले सगळ्यांना पाठ असलेले नाव. आउटपुटचे मॉस्फेट (स्विचचे काम करणारे ट्रान्झिस्टर) चालू-बंद होतात हे खरे, पण त्यात डिजिटल काहीच नाही. दुसरी जात आयटूएस (चिपांमधला डिजिटल ऑडिओ) सिग्नल घेते, पण आयसीच्या पोटात आधी डॅक (आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) असतो आणि मागे तोच ॲनालॉग क्लास-डी. तिसरी जात अस्सल, म्हणजे फुल-डिजिटल. आकडे आत येतात, आकड्यांवरच गणित होऊन पल्सची रुंदी ठरते आणि ती पल्स थेट मॉस्फेट चालवते. कॉइल-कपॅसिटरच्या फिल्टरपर्यंत ॲनालॉग सिग्नल जन्मालाच आलेला नसतो.

कुठला बोर्ड कुठल्या जातीचा, हे डेटाशीटमधल्या पिनांच्या नावांवरून पाच मिनिटांत कळते. टीएएस ५७५६ एम हा आयसी रास्पबेरी पायच्या (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर; पुढे नुसता ‘पाय’) डिजिॲम्प प्लसमध्ये आहे आणि हायफायबेरी ॲम्प-२ मध्येही आहे. त्याला ‘डॅक आउट’ नावाच्या पिना आहेत आणि ‘स्पीकर इन’ नावाच्या वेगळ्या पिना आहेत. म्हणजे डॅकचा ॲनालॉग सिग्नल आयसीतून बाहेर येतो, बोर्डावरून फिरतो आणि पुन्हा आत जातो. लिनक्समध्ये या आयसीला पीसीएम ५१२२ या साध्या डॅकचाच ड्रायव्हर चालतो, हे त्याचे कूळ सांगायला पुरेसे आहे. वाईट आहे का? अजिबात नाही. फक्त फुल-डिजिटल नाही.

अस्सल जातीची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. टोकाटा टेक्नॉलॉजीचे इक्विबिट तंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस टॅक्ट मिलेनियम या ॲम्पमधून बाजारात आले. २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टोकाटा विकत घेतली. टीएएस मालिकेतले पीडब्ल्यूएम (पल्सच्या रुंदीत सिग्नल भरणारे) आयसी त्याच घराण्यातले, आणि पुढे पॅनासॉनिकच्या एसए-एक्सआर रिसीव्हरांतही तेच तंत्र गेले. त्यांना सोडवायचे कोडे गणिताचे होते. सेकंदाला ३,८४,००० पल्स आणि प्रत्येक पल्सच्या रुंदीत १६ बिटांचा बारकावा हवा असेल, तर मोजणारे घड्याळ २५ गिगाहर्ट्झच्या वर लागते. ते शक्य नाही. म्हणून आधी सॅम्पलिंग वाढवायचे, रुंदीच्या पायऱ्या २५६ वर आणायच्या आणि उरलेली चूक नॉइज शेपिंगने कानाच्या पलीकडच्या फ्रीक्वेन्सीत ढकलायची. आता घड्याळ ९८.३ मेगाहर्ट्झचे पुरते.

मिलेनियममधली एक युक्ती हौशी माणसाने ध्यानात ठेवावी. त्याचे व्हॉल्यूमचे बटण सिग्नलला हात लावत नसे. ते आउटपुट स्टेजचा सप्लाय व्होल्टेज कमी-जास्त करी. हे चालू शकते याचा अर्थ सरळ आहे: अशा ॲम्पमध्ये आउटपुट म्हणजे पल्सची रुंदी गुणिले सप्लायचे व्होल्टेज. रुंदी आयसी सांभाळतो. व्होल्टेज तुम्ही निवडता.

सप्लाय हाच अर्धा डॅक

फीडबॅक नसलेल्या, म्हणजे ओपन-लूप, आयसीत सप्लायवरची प्रत्येक खळबळ गाण्याशी गुणली जाते. बेसच्या ठोक्याला २४ व्होल्ट २३ वर आले तर त्या क्षणी गायिकेचा आवाजही चार टक्क्यांनी उतरतो. ब्रिज आउटपुटमध्ये (स्पीकरची दोन्ही टोके ॲम्पच चालवतो) दोन्ही अर्ध्या लहरींना करंट खेचला जातो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या ठोक्याला सप्लाय सेकंदाला १०० वेळा बसतो. ३ किलोहर्ट्झच्या सुराभोवती २९०० आणि ३१०० वर मग पिल्ले उगवतात, मूळ सुरापेक्षा साधारण ४० डेसिबल खाली. ऐकताना ‘बेस वाढवला की गाणे गढूळ होते’ एवढेच जाणवते आणि दोष स्पीकरला दिला जातो.

सगळ्यात फसवी चाचणी म्हणजे गाणे बंद करून ट्विटरला कान लावणे. सिग्नल नसताना ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सप्लायचा गोंगाट सारखाच असतो, स्पीकरच्या दृष्टीने तो वजा होतो आणि शांतता मिळते. सप्लाय कितीही घाणेरडा असला तरी. म्हणून तपासणी सुरांनी करायची: ५० हर्ट्झ मोठा, ३ किलोहर्ट्झ त्याच्या पावपट, दोन्ही एकत्र. आउटपुट यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला द्यायचे, दोन्ही तारांत १० किलोओहम आणि १ किलोओहमचे डिव्हायडर लावून, आणि एफएफटीमध्ये (फ्रीक्वेन्सीनुसारच्या आलेखात) ३ किलोहर्ट्झच्या आजूबाजूला पाहायचे. इथे एक ताकीद. ब्रिज आउटपुटच्या काळ्या टर्मिनलवरही अर्धा सप्लाय, म्हणजे १२ व्होल्ट असतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावली की चॅनेल गेलेच समजा.

जुन्या ॲम्पवाल्यांचा ट्रान्सफॉर्मरवर जीव असतो. तो मोह इथे आवरावा. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि १०,००० मायक्रोफॅरड असा साधा सप्लाय घेतला, तर ३ अँपिअर लोडला १०० हर्ट्झचा दोन-अडीच व्होल्टचा रिपल राहतो आणि तो सगळा गाण्यात मिसळतो. शिवाय घरची लाइन २५३ व्होल्टवर गेली आणि ॲम्प रिकामा चालत असेल तर हाच सप्लाय साडेअठ्ठावीस व्होल्टच्या पुढे चढतो. पुढे येणाऱ्या टीएएस ५७१३ या फुल-डिजिटल आयसीची मर्यादा २६ व्होल्ट आहे. ट्रान्सफॉर्मरच वापरायचा हट्ट असेल तर १५ व्होल्टचा घ्या आणि पुढे रेग्युलेटर टाका. मग खर्च एसएमपीएसच्या (स्विचिंग सप्लायच्या) वर जातो, हा भाग वेगळा.

चांगला, रेग्युलेटेड एसएमपीएस हाच इथला योग्य सप्लाय. मीन वेलची एलआरएस मालिका मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागितली तर मिळते, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. एलआरएस-१००-२४ (साडेचार अँपिअर) ८५ ते २६४ व्होल्ट आपोआप झेलतो. त्याच्याच मोठ्या भावाला, एलआरएस-१५०-२४ ला (साडेसहा अँपिअर), बाजूला ११५/२३० चा छोटा सरकता स्विच असतो. तो ११५ वर राहिला आणि प्लग लावला की मोठा आवाज होऊन सप्लाय संपतो. आपोआप जुळवून घेणारा हवा असेल तर १५०-एफ मागा. दुसरी गोष्ट टर्मिनलजवळच्या छोट्या स्क्रूची. तो फिरवून २४ व्होल्टचा सप्लाय २८.८ पर्यंत चढवता येतो. ‘थोडे वॅट वाढतील’ म्हणून हा स्क्रू फिरवणारे आयसी जाळतात. उलट तो २३ वर आणला तर आवाजात पाव-अर्ध्या डेसिबलचाच फरक पडतो आणि आयसीला श्वास मिळतो.

अर्थिंग जोडलेच पाहिजे. या सप्लायांत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर धातूच्या खोक्याला हात लावताच मुंग्या येतात, आणि कॉम्प्युटरला जोडले की गुणगुण सुरू होते.

सप्लाय ते बोर्ड ही तार दुर्लक्षित राहते. एक मीटर लांब, अर्धा स्क्वेअर एमएमची तार जाऊन-येऊन ०.०७ ओहम धरते. ६ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच गेला. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएम वायर वापरा आणि लांबी फूटभर ठेवा. बोर्डावर दर चॅनेलमागे ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर पुरतो. ‘जास्त तेवढे चांगले’ म्हणून २२,००० मायक्रोफॅरड टाकले तर एसएमपीएसला सुरुवातीला शॉर्ट दिसतो आणि तो टिक-टिक करत बसतो.

किती व्होल्ट घ्यायचे? ब्रिजसाठी सोपे सूत्र: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट. २४ व्होल्ट, ८ ओहम: कागदावर ३६ वॅट. पल्सची कमाल रुंदी सुमारे ९८ टक्के, मॉस्फेट आणि कॉइलचा रोध वजा केला की हाती ३० च्या आसपास. १२ व्होल्टला कागदावर ९ वॅट. ९ वॅट ऐकून नाक मुरडू नका. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला ९ वॅट म्हणजे एक मीटरवर साडेशहाण्णव डेसिबल. दहा बाय बाराच्या खोलीत शेजारी दार वाजवतील. ओपन-लूप आयसीत व्होल्टेज निम्मे केले की आउटपुटचा गोंगाटही निम्मा होतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त व्होल्ट घेऊन आवाज डिजिटल व्हॉल्यूमने ४० डेसिबल खाली आणून ऐकणे हा उलटा व्यवहार आहे. बहुतेकांना १५ ते १८ व्होल्ट पुरतात.

चार पर्याय, चार निकाल

हायफायबेरी ॲम्प प्लस. टीएएस ५७१३ वर बांधलेला, १२ ते १८ व्होल्टवर चालणारा, अस्सल तिसऱ्या जातीचा आणि ओपन-लूप. कंपनीने पुढे त्याची जागा ॲम्प-२ ला दिली, त्यामुळे हा जुन्या बाजारातच सापडतो. शिकण्यासाठी याच्यासारखा बोर्ड नाही, कारण सप्लाय बदलला की फरक मोजता येतो आणि ऐकूही येतो. आयसीत इक्यू (आवाजाचा पोत बदलणारा भाग) आणि दोन बँडचा डीआरसी (लहान-मोठ्या आवाजातले अंतर आवरणारा भाग) आहे. घरच्या लहान स्पीकरांना पुरून उरतो. उणीव सांगायची तर विकृतीचे आकडे फीडबॅकवाल्यांच्या तोडीचे येत नाहीत. वरचा आणि खालचा मॉस्फेट एकदम चालू होऊ नये म्हणून मध्ये काही नॅनोसेकंदांचा डेड टाइम ठेवावा लागतो. २६०० नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये १० नॅनोसेकंद म्हणजे ०.४ टक्के, आणि ही चूक दुरुस्त करणारे आत कोणीच नाही.

डिजिॲम्प प्लस. आयक्यू-ऑडिओने काढला, ती कंपनी रास्पबेरी पायने घेतल्यापासून अधिकृत ॲक्सेसरी म्हणून मिळतो. १२ ते २४ व्होल्ट, दर चॅनेलला ३५ वॅटपर्यंत, आणि त्याच सप्लायवर पायही चालतो. पायला वेगळे यूएसबी पॉवर त्याच वेळी लावू नका. दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. फीडबॅक आयसीच्या आत असल्याने साधा लॅपटॉप-छाप अडॅप्टरही चालून जातो. ‘बोर्ड खराब आला’ अशी जी तक्रार असते तिच्यामागे बहुतेक वेळा म्यूट असतो. आयसीची म्यूट पिन पायच्या जीपीआयओ २२ या पिनेकडून चालते, आणि पायच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बोर्डाची ओळख सांगणाऱ्या ओव्हरलेच्या ओळीत अनम्यूटचा पर्याय लिहिला नाही तर सगळे व्यवस्थित दिसते, गाणे चालू असते आणि स्पीकर गप्प. ज्याला गाणी ऐकायची आहेत आणि तात्त्विक शुद्धतेशी देणेघेणे नाही, त्याने हाच घ्यावा.

इन्फिनिऑनचा एमए १२०७० पी वाला, पाय झीरोसाठीचा बोर्ड. मेरस ही मूळ कंपनीही डेन्मार्कचीच. त्या देशाचे या विषयाशी काय नाते आहे कोण जाणे. आउटपुट दोनऐवजी अनेक पातळ्यांवर हलते, त्यामुळे शांत असताना कॉइलमध्ये करंट फिरवावा लागत नाही. मोठी कॉइल नाही आणि बोर्ड रिकामा असताना थंड राहतो. इनपुट डिजिटल, पण आत ॲनालॉग फीडबॅक लूप आहे. लेबलवरचे ४० वॅट मात्र नीट वाचावेत. बोर्ड ५ व्होल्टवर चालतो आणि जास्तीचे व्होल्टेज बूस्ट कन्व्हर्टरने तयार करतो. ५ व्होल्ट ३ अँपिअरच्या अडॅप्टरमधून एकूण १५ वॅटच येतात, त्यातले काही पाय खातो. ४० हा क्षणिक टोकाचा आकडा. तबल्याच्या थापेला चालेल, सलग ऑर्गनला नाही. फिल्टर नसल्याने स्पीकरची तार अँटेना बनते. ती हातभरच ठेवा. स्वयंपाकघरातल्या रेडिओसारख्या छोट्या खोक्यासाठी उत्तम, मुख्य हॉलसाठी नाही.

चौथा पर्याय धाडसी लोकांचा. टीएएस ५५४८ हा प्रोसेसर-मॉड्युलेटर (आकड्यांच्या पल्स करणारा) आणि पुढे टीएएस ५६१४ एलए ही पॉवर स्टेज. ३६ व्होल्टला ८ ओहममध्ये कागदावर ८१ वॅट, ४ ओहममध्ये १६२. या जोडीत दोन्ही जगांतले चांगले आहे. मॉड्युलेटर पूर्ण डिजिटल, आणि पॉवर स्टेज आलेल्या पीडब्ल्यूएमशी आपले आउटपुट ताडून पाहते, म्हणून सप्लायची खोडी बरीच कमी होते. जुनी टीएएस ५३४२ ही स्टेज तसे करत नाही, आणि दोन्हींचे तयार बोर्ड एकाच भावात विकले जातात, तेव्हा आयसीवरचा नंबर भिंगाने वाचा. ५५४८ मध्ये एसिंक्रोनस सॅम्पल रेट कन्व्हर्टर आहे. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून थरथरते घड्याळ आले तरी पल्स स्थानिक क्रिस्टलवर कापल्या जातात. या वर्गातल्या ॲम्पमध्ये ते महत्त्वाचे, कारण कडेची वेळ हाच सिग्नल आहे. २६०० नॅनोसेकंदांत एक नॅनोसेकंद चुकला की चूक उणे ६८ डेसिबलला पोचली. कन्व्हर्टर नसलेल्या मॉड्युलेटरपुढे एसआरसी ४१९२ सारखा वेगळा आयसी लावावा लागतो.

अडचण अशी की ५५४८ ला सुरुवातीला आयटूसीवरून (चिपला सूचना देणाऱ्या दोन तारांवरून) पढवावे लागते. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम विक्रेता देत नसेल, किंवा आयटूसीच्या तारा बाहेर काढलेल्या नसतील, तर तो बोर्ड घेऊ नका. तुमच्या हाती फक्त व्हॉल्यूमचे बटण राहील, क्रॉसओव्हर आणि इक्यू आत कुलूपबंद. मॉड्युलेटर आणि पॉवर स्टेज वेगळ्या बोर्डांवर असतील तर मधली रिबन केबल चार-पाच सेंटीमीटरपेक्षा लांब नको, आणि प्रत्येक पीडब्ल्यूएम तारेच्या शेजारी ग्राउंडची तार हवी.

बांधायचे नसेल आणि तरी जातिवंत हवे असेल तर डेनॉन पीएमए-६०. क्वालकॉमचे डीडीएफए तंत्र आहे, ज्यात आउटपुटमधली चूक मोजून तिचेच आकडे करून मॉड्युलेटरला परत दिले जातात. २००९ मध्ये एनएडीच्या एम-२ ने आणलेली ही वाट. ८ ओहमला २५ वॅट, ४ ओहमला ५०. जुना पण धडधाकट मिळाला तर सोडू नये. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पॅनासॉनिकचा एसए-एक्सआर देऊ केला तर मागचा शिक्का आधी बघा. तिकडचा माल १२० व्होल्टचा असतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

फिल्टर: इथे सर्वाधिक बोर्ड नापास होतात

नेदरलँड्सच्या ॲक्सिनच्या आयसींसारखे थोडे सोडले तर फीडबॅक कॉइलच्या आधीच संपतो. म्हणून कॉइल, कपॅसिटर आणि तुमचा स्पीकर मिळून जे होईल ते तसेच ऐकू येते. ८ ओहमसाठी ब्रिजच्या प्रत्येक पायात २२ मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड, ४ ओहमसाठी १० मायक्रोहेन्री आणि १.५ मायक्रोफॅरड. दोन्ही जोड्या ४१ किलोहर्ट्झला कापतात. पण अदलाबदल करून पाहा. ८ ओहमच्या फिल्टरला ४ ओहमचा स्पीकर लावला की १० किलोहर्ट्झला सुमारे १.३ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला तब्बल ४ डेसिबल गळतात. ‘डिजिटल ॲम्प कोमट वाजतो’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण हेच ऐकत असतात! उलट, ४ ओहमच्या फिल्टरला ८ ओहमचा स्पीकर लावला तर २० किलोहर्ट्झला पावणेदोन डेसिबलचा उंचवटा येतो आणि आवाज टोचतो. बोर्ड घेण्याआधी कॉइलवरचा आकडा वाचा. ‘२२०’ म्हणजे २२ मायक्रोहेन्री, ‘१००’ म्हणजे १०.

स्वस्त बोर्डावर कॉइल लहान असते. २४ व्होल्ट, ३८४ किलोहर्ट्झ, १० मायक्रोहेन्री: गाणे बंद असतानाही कॉइलमध्ये दीड अँपिअर पीक-टू-पीक करंट मागे-पुढे फिरतो. ३.३ मायक्रोहेन्री असेल तर पावणेपाच. शांत बसलेला ॲम्प गरम का, याचे उत्तर अनेकदा हेच असते. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधून काढलेले पिवळे-पांढरे टोरॉइड इथे वापरू नका. ती लोखंडी भुकटी या फ्रीक्वेन्सीला भाजून निघते. लाल रंगाचा, दोन नंबरच्या मिश्रणाचा कोर किंवा शील्डेड फेराइट कॉइल घ्या. सॅच्युरेशन करंट ४ ओहमसाठी किमान ८ अँपिअर, १० असेल तर निश्चिंत. कॉइल सॅच्युरेट झाली की ती तार उरते, करंट उसळतो, आयसी संरक्षणात जातो आणि जोरदार ठोक्याला आवाज तुटतो.

कपॅसिटर फिल्मचाच, पॉलिप्रॉपिलीन किंवा किमान पॉलिएस्टर. एक्स-७-आर सिरॅमिक सप्लाय पिनांना उत्तम, फिल्टरला नाही. व्होल्टेज चढेल तसे त्याचे फॅरड घटतात, म्हणजे फिल्टर गाण्याबरोबर हलत राहतो. सप्लाय पिनांवर मात्र तोच, ५० व्होल्टचा, आयसीपासून काही मिलिमीटरवर. तो दूर ठेवला तर मधल्या ट्रॅकच्या इंडक्टन्समुळे प्रत्येक स्विचिंगला सप्लायच्या वर टोक उसळते आणि महिन्याभराने आयसी ‘उगाच’ उडतो.

स्पीकर न जोडता मोठा सिग्नल देऊ नका. भार नसलेला फिल्टर ४१ किलोहर्ट्झला घंटेसारखा वाजतो. ट्विटरचा रोध वरच्या टोकाला चढत असेल तर आउटपुटवर १० ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा झोबेल (वरच्या फ्रीक्वेन्सीला भार देणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) सोल्डर करावा.

उष्णतेबद्दल थोडक्यात. टीएएस ५७१३ आणि ५७५६ एम यांचे तापणारे पॅड पोटाखाली आहे, उष्णता बोर्डाच्या तांब्यात जाते. वर प्लास्टिकला चिकटवलेले निळे हीटसिंक मुख्यतः फोटोसाठी असते. ५६१४ एलए चे पॅड वर आहे, तिथे हीटसिंक अनिवार्य.

मध्यम लहरींचा रेडिओ घरात लागत असेल तर एक गणित करून ठेवा. ३८४ किलोहर्ट्झची दुप्पट ७६८, आणि आकाशवाणी पुणे ७९२ वर. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या गाण्याला स्विचिंग ३५२.८ वर येते, त्याची तिप्पट १०५८, आणि मुंबईचे एक केंद्र १०४४ वर. टीएएस ५५ मालिकेत स्विचिंग थोडे बाजूला सरकवण्याची सोय याचसाठी दिली आहे.

पहिल्यांदा चालू करताना

स्वतः आयसी चालवणार असाल तर क्रम चुकवू नका. टीएएस ५७१३ च्या घराण्यात रीसेट सोडल्यावर साडेतेरा मिलिसेकंद थांबायचे, मग आयटूसी. ऑसिलेटर ट्रिमच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहून ५० मिलिसेकंद थांबायचे. बाकीची मांडणी करून मगच शटडाउनमधून बाहेर. पायच्या हेडरवर मास्टर क्लॉक (आयसीला लागणारे मुख्य घड्याळ) येत नाही, त्यामुळे तो हवाच असलेल्या आयसीसाठी वेगळी सोय आहे का हे बोर्ड घेतानाच पाहा. बंद करताना आधी म्यूट, मग घड्याळ, मग सप्लाय. उलट केले तर स्पीकरमधून ‘ठप्प’ येतो, आणि बारीक तारेचे ट्विटर असे फार ठप्प सोसत नाहीत.

पहिली जोडणी बेंच सप्लायवर करा: १२ व्होल्ट, करंट मर्यादा अर्धा अँपिअर. पाय त्याच सप्लायवर असेल तर एक अँपिअर. स्पीकरऐवजी ८ ओहम, ५० वॅटचा ॲल्युमिनियम खोक्यातला रेझिस्टर हीटसिंकवर बसवून लावा. गाणे न देता मल्टिमीटरने प्रत्येक टर्मिनल ग्राउंडशी मोजा. चारही ठिकाणी ६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, आणि एका चॅनेलच्या दोन टर्मिनलमध्ये ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नको. एक टर्मिनल शून्यावर किंवा पूर्ण १२ वर असेल तर सोल्डर, बूटस्ट्रॅप कपॅसिटर (वरचा मॉस्फेट चालू करायला लागणारा) आणि फॉल्ट पिन याच क्रमाने तपासा. सगळे जुळले की दहा मिनिटे तसेच चालू ठेवून कॉइलला बोट लावा. बोट ठेवता येत नसेल तर कॉइल बदला, आणि येत असेल तर व्होल्टेज वाढवून तीच मोजणी पुन्हा करा. त्यानंतरच स्पीकर.